चावी नाही, तार सरकते

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मामाची जुनी, स्टीलच्या तारांची गिटार आठ-दहा वर्षं कपाटावर पडून होती. भाच्याने ती खाली काढली, पुसली, नव्या तारा चढवल्या. आता तिसरी तार दहा मिनिटांत उतरते. जाड तारांच्या बाजूच्या चाव्यांच्या (तार ताणून सूर लावायच्या फिरक्यांच्या) पट्टीचा एक स्क्रू नुसताच गरगर फिरतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार छेडली की डोक्याकडून, चाव्या बसवलेल्या टोकाकडून, झणझण ऐकू येते. मानेच्या बुडाशी असलेलं पट्ट्याचं बटण हातात आलंय. आणि ॲम्प्लिफायरला जोडली की खरखर. ‘सगळ्या चाव्या बदलायच्या का? ऑनलाइन सेट बघून ठेवलाय. घरी जमेल, की पुण्या-मुंबईला न्यावी लागेल?’

घरी जमेल. आणि तो सेट एवढ्यात मागवू नका. मी वीसेक वर्षं गिटारी उघडतोय. ‘चाव्या खराब आहेत’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या गिटारींपैकी बहुतेकींच्या चाव्यांना मी नवं काही बसवलेलं नाही. तार नीट गुंडाळली, नटमध्ये (डोकं आणि मान मिळतात तिथल्या खाचांच्या पट्टीत) पेन्सिल फिरवली, दोन स्क्रू आवळले आणि परत दिली. पैसे मागताना लाज वाटावी इतकं ते काम असतं. तरी मागतो, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यातच अर्धा तास जातो. तो अर्धा तास तुम्हीही घालवू शकता.

सामान फारसं लागत नाही. छोटा स्टार स्क्रू ड्रायव्हर (मुंबईत ज्याला डिसमिस म्हणतात तोच), दहा नंबरचा पाना, शिसपेन्सिल, बारीक टोकाचा मार्कर, बांबूच्या टूथपिक, पांढरा फेव्हिकॉल, मेणबत्तीचा तुकडा आणि शिलाई मशीनचं तेल. सोल्डरिंग आयर्न फक्त खरखरीसाठी किंवा गंजून अडकलेल्या स्क्रूसाठी, आणि तेही कदाचित लागणार नाही.

एक गोष्ट आधी. तारा ताणलेल्या असताना चाव्यांचा कुठलाही स्क्रू सोडू नका. बाराच्या लाइट सेटमध्ये (ज्यातली पहिली तार ०.०१२ इंच जाड असते) सहा तारांचा मिळून ओढा साधारण ७० ते ७५ किलो असतो. एक धडधाकट माणूस त्या मानेला लोंबकळतोय असं समजा. आधी सगळ्या तारा सैल करायच्या, मग हत्यार हातात घ्यायचं.

आता तिसरी तार. आपल्याकडे चावीला बरेच जण अजून खुंटी म्हणतात. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या शब्दाबरोबर तंबोऱ्याची समजूतही गिटारवर येते. तंबोऱ्याची खुंटी लाकडाला लाकूड घासून जागच्या जागी उभी राहते. पावसाळ्यात ती फुगून अडकते, उन्हाळ्यात आकसून सरकते, म्हणून तिला खडू लावतात. गिटारची चावी तशी नसते. तुम्ही जे बटण फिरवता त्याच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. ते आटे एका छोट्या दातेरी चाकात अडकलेले असतात, आणि त्या चाकाला ती उभी दांडी जोडलेली असते जिच्यावर तार गुंडाळतो. वर्मने चाक फिरतं, पण चाकाने वर्म फिरत नाही. तारेने कितीही ओढलं तरी बटण आपोआप उलटं फिरणार नाही. मोटारीचा स्क्रूचा जॅक हँडल सोडलं तरी खाली येत नाही, त्याचं कारणही हेच. तेव्हा चाकाचे दाते शाबूत असतील तर चावी ‘सरकणं’ जवळजवळ अशक्य आहे. एका शिकाऊ मुलाने चाव्यांच्या दात्यांत खडूची पूड भरलेली मी पाहिली आहे. तेलाशी मिळून तिचा असा काही लगदा झाला होता की ब्रशने काढता काढता माझी एक दुपार गेली.

मग तार उतरते कशी? याचा छडा मार्करने लागतो. तिसरी तार सुरात आणा. तार दांडीला जिथे पहिल्यांदा टेकते, तिथे तारेवर एक ठिपका द्या आणि त्याच्या समोर दांडीवरही एक. मागच्या बाजूला चाक उघडं दिसत असेल तर चाकाच्या एका दात्यावर आणि शेजारच्या पट्टीवर तशीच खूण करा. चावी डबीबंद असेल तर बटणाची दिशा मोबाइलवर टिपून ठेवा. पंधरा मिनिटं वाजवा, नंतर पाहा. चाक हललेलं नाही, पण तारेवरचा ठिपका दांडीवरच्या ठिपक्यापासून पुढे गेलाय, म्हणजे वेटोळे घसरताहेत. दोन्ही खुणा जागच्या जागी आहेत आणि तरी सूर उतरलाय, म्हणजे गडबड नटमध्ये किंवा ब्रिजच्या (पोटावर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या) टोकाला आहे, किंवा तार नवी असल्यामुळे अजून ताणली जातेय. चाक खरोखरच हललं असेल, तरच चावीवर संशय घ्यायचा.

वेटोळे घसरत असतील तर तार पुन्हा चढवावी लागेल. तार दांडीच्या भोकातून ओवा आणि पुढच्या दांडीच्या थोडी पलीकडे जाईल इतकी, म्हणजे पाचेक सेंटिमीटर सैल ठेवा. टोक भोकाच्या बाहेर पडतं तिथे बोटाने कोन देऊन वाकवा. मग गुंडाळताना प्रत्येक वेटोळा आधीच्या वेटोळ्याच्या खाली बसला पाहिजे. जाड तारांना दोन-अडीच वेढे पुरतात, बारीक दोन तारांना तीन-चार. यूट्यूबवर बघून काही जण सात-आठ वेढे एकावर एक चढवतात. गोफण गुंडाळल्यासारखं दिसतं आणि ते सगळं बसता बसता दोन दिवस तार उतरत राहते. नवी तार सुरात आली की मधोमध बोटाने उचलून हलकेच ओढायची, पुन्हा सुरात आणायची. असं तीन-चार वेळा केलं की तिचा पहिला ताण निघून जातो.

नटचा दोष असेल तर तो बहुधा कानालाच कळतो. चावी फिरवताना काही होत नाही, काही होत नाही, आणि एकदम ‘टिंग’ होऊन सूर उडी मारतो. तार खाचेत अडकून बसलेली असते आणि ताण पुरेसा वाढला की सुटते. वाजवताना बोटाने तार ओढली गेली की तीच अडकलेली तार उलट्या बाजूला सरकते आणि सूर खाली येतो. हे तिसऱ्या आणि चौथ्या तारेला सगळ्यात जास्त होतं. तीन-तीन चाव्यांच्या डोक्यावर या दोन तारांच्या दांड्या सगळ्यात लांब असतात, आणि नटमधून बाहेर पडल्यावर याच तारा सगळ्यात जास्त तिरक्या जातात. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना ‘तिसरी तार’ हे शब्द आले तेव्हाच मला नटचा संशय आला.

उपाय सोपा आहे. तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या. मऊ शिसाची पेन्सिल, २बी किंवा त्याहून काळी, टोक करून खाचेत आठ-दहा वेळा फिरवा. ग्राफाइट बसलं की तार सरसर सरकते. तरी अडकत असेल तर त्याच जाडीच्या जुन्या, वर बारीक तार वेढलेल्या तारेचा तुकडा खाचेत पाच-सहा वेळा मागेपुढे ओढा, डोक्याच्या बाजूला किंचित उतार ठेवून. कानस लावायचा मोह टाळा. खाच एकदा खोल गेली की तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) घासून झणझणते. खाचेची खोली तपासायची तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसभर फट हवी. अजिबात नसेल तर खाच आधीच खोल आहे.

आणि एक सवय लावून घ्या. सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. वर गेला तर पूर्ण खाली उतरून पुन्हा चढायचं. वर्म आणि चाक यांच्यामध्ये थोडी मोकळीक असतेच. बटण उलटं फिरवून सूर लावला तर ती मोकळीक तशीच शिल्लक राहते आणि तार ती हळूहळू खाऊन टाकते. हिशेब बघा. चावीचं गुणोत्तर १४ ला १ असेल आणि दांडी ६ मिलिमीटर व्यासाची असेल, तर बटणाच्या पूर्ण एका फेरीत तार जेमतेम १.३ मिलिमीटर सरकते. बटणाची पाव फेरी ढिली म्हणजे तार मिलिमीटरचा तिसरा हिस्सा ढिली. कागदावर क्षुल्लक, पण कानाला स्पष्ट कळेल एवढं.

चाकच हलत असेल तर मागची बाजू बघा. उघड्या चावीत चाकाच्या मधोमध एक छोटा स्क्रू असतो. तो ढिला झाला की चाक वर्मपासून दूर होतं आणि दाते अर्धेच लागतात. तार सैल करून तो बेताने आवळा. चाकाचे दाते भिंगाखाली झिजलेले दिसत असतील, किंवा फिरवताना कटकन उडी मारत असेल, तर मात्र ती चावी गेली. डबीबंद चावीत बटणाच्या टोकाला एक स्क्रू असतो. त्याने फक्त बटण किती घट्ट फिरावं हे ठरतं. बटण लुटलुटत असेल तर तो पाव फेरी आवळायचा, पिळायचा नाही. उघड्या चाव्यांना वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने दात्यांवर द्यावा. डबीबंद चाव्यांना कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं, त्यांना काही लागत नाही.

गंज सोडवायचा स्प्रे मात्र थेट गिटारवर मारू नका. सुरुवातीच्या काळात मी मारला होता, एका गंजलेल्या पट्टीवर, भरपूर. गंज सुटला, पण तेल स्क्रूच्या भोकांतून लाकडात गेलं. नंतर त्या भोकांत फेव्हिकॉल धरेना. अखेर प्रत्येक भोक मोठं करून त्यात लाकडी खुंट्या ठोकाव्या लागल्या. फारच गरज पडली तर स्प्रे बाटलीच्या झाकणात मारा आणि काडीने धातूवर तेवढाच लावा.

आता गरगर फिरणारा स्क्रू. स्क्रूचे आटे शाबूत आहेत, लाकडातले आटे गेलेत. कोकणात हे जास्त बघायला मिळतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नंतर आकसतं, स्क्रू गंजतो, आणि गंज शेजारचं लाकूडही खातो. पहिला विचार मनात येतो तो लांब स्क्रू घालण्याचा. माझ्याही आला होता. डोक्याच्या फळीची जाडी जेमतेम १४-१५ मिलिमीटर असते, हे मी मोजलं नव्हतं. स्क्रूचं टोक समोरच्या पॉलिशमधून बाहेर आलं, नेमकं जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे. गिऱ्हाईक भला माणूस होता, काही बोलला नाही. पुढच्या वेळी गिटार दुसऱ्याकडे नेली, एवढंच.

लांबी तीच ठेवायची आणि भोक भरायचं. स्क्रू काढा, भोकातला भुगा आणि गंज कोरड्या काडीने साफ करा. टूथपिकच्या टोकाने फेव्हिकॉल भोकाच्या भिंतींना लावा, मग बांबूच्या टूथपिकचे तुकडे त्यात घट्ट बसतील तितके सरकवा. टूथपिक संपल्या असतील तर मसाला खरवडलेली उदबत्तीची काडी चालते, तीही बांबूचीच. आगकाडी चालते म्हणतात, मला ती मऊ वाटते. पृष्ठभागाशी सपाट कापा आणि एक पूर्ण रात्र हात लावू नका. पावसाळ्यात दोन रात्री. मग मधोमध दीड मिलिमीटरच्या बिटने, हाताने फिरवून, स्क्रूच्या लांबीपेक्षा थोडं कमी खोल भोक पाडा. बिटवर तेवढ्याच लांबीवर चिकटपट्टीचा झेंडा लावला की जास्त खोल जाण्याची भीती नाही. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण घासा आणि हळू बसवा. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू पुन्हा गंजतो.

दुसरे स्क्रू काढताना एखादा गंजून अडकलेला असेल तर जोर लावण्याआधी सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक त्याच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवा. आजूबाजूच्या पॉलिशला लागणार नाही याची काळजी घ्या. धातू तापतो, गंजाची पकड सुटते, आणि थोडा निवल्यावर स्क्रू बहुधा फिरतो. आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या. तरीही तुटलाच आणि अर्धा आत राहिला तर राहू द्या. तीन चाव्यांच्या पट्टीला चार-पाच स्क्रू असतात. एक नसला तर बाकीचे सांभाळून घेतात, आणि तुटका तुकडा उकरून काढण्याच्या नादात जेवढं लाकूड जातं तेवढं त्या स्क्रूने कधी धरलेलंही नसतं.

झणझण. हा प्रकार मला आवडतो, कारण त्यात चोर पकडल्याचा आनंद आहे. तंबोऱ्यात हीच झणझण मुद्दाम आणतात. घोडीला जवारी काढणारे मिरजेचे कारागीर तारेखालचा तो बाक घासून घासून असा करतात की तार घोडीवर लोळत वाजते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे. गिटारवर मात्र तोच आवाज म्हणजे काहीतरी ढिलं आहे, किंवा तार नको तिथे टेकतेय.

आधी ठरवा, झणझण फक्त उघड्या, म्हणजे कुठे न दाबलेल्या, सहाव्या तारेवर येते की कुठल्याही फ्रेटवर दाबली तरी येते. फक्त उघडीवर आली आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच थांबली, तर नटची ती खाच खोल आहे. खोल खाच तात्पुरती भरता येते. खाचेत खाण्याचा सोडा चिमूटभर दाबून त्यावर पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. मग बारीक पॉलिश पेपर दुमडून खाच पुन्हा, थोडी उथळ, घासायची. शेजारच्या लाकडावर आधी मास्किंग टेप लावा, आणि सुपरग्लूची नळी गिटारवर धरून टोक कापू नका. का ते विचारू नका.

झणझण सगळीकडे येत असेल तर दुसऱ्याला सहावी तार छेडायला सांगा आणि तुम्ही डोक्यावरच्या एकेका वस्तूवर बोट दाबत जा. पहिला संशयित म्हणजे तारांची न कापलेली टोकं. ती एकमेकांना किंवा फळीला टेकून वाजतात, आणि लोक महिनाभर ब्रिज तपासत बसतात. तीनेक मिलिमीटर ठेवून टोकं कापून टाका. नंतर दांडी डोक्यातून वर येते तिथली धातूची कडी बघा. उघड्या चाव्यांना ती नुसती दाबून बसवलेली असते आणि ढिली झाली की पैंजणासारखी वाजते. काढून तिच्या बाहेरच्या अंगाला फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, किंवा कागदाची एक पट्टी गुंडाळून पुन्हा दाबून बसवा. डबीबंद चाव्यांना तिथे षट्कोनी नट असतो, खाली वायसर. दहाच्या पान्याने, दोन बोटांच्या जोराने आवळा. बटणं, चाकाचे स्क्रू, मान सरळ करणाऱ्या रॉडवरचं प्लॅस्टिकचं झाकण, सगळं दाबून बघा. तुमच्या गिटारमध्ये पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग) आहे, म्हणजे आत वायरी आणि बॅटरीची डबी आहे. आतल्या बाजूला टेकणारी मोकळी वायरही अगदी डोक्याकडून आल्यासारखी ऐकू येते. आवाजाची दिशा कान फसवतो, बोट फसवत नाही.

या सगळ्यानंतरही चाव्या बदलाव्याच लागल्या, तर ऑर्डर करण्याआधी मोजमाप घ्या. एकाच पट्टीवर तीन चाव्या असतील तर दोन दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळायला हवं. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर ते बहुधा ३५ मिलिमीटर असतं. स्टीलच्या गिटारवर मोजल्याशिवाय पैसे भरू नका. सुट्या सहा डबीबंद चाव्या घ्यायच्या तर डोक्यातलं भोक साधारण १० मिलिमीटरचं लागतं, आणि जुन्या उघड्या चाव्यांची भोकं त्याहून लहान असतात. ती मोठी करायला साधं ड्रिल लावलं तर बिट लाकडात धसतं आणि पुढच्या बाजूचा पॉलिशचा टवका उडतो. हे काम रीमरने (भोक रुंद करायच्या निमुळत्या हत्याराने), हाताने, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करायचं असतं. रीमर नसेल तर तुमच्या भोकात बसेल अशीच चावी शोधा. काढण्याआधी मागून-पुढून फोटो काढून ठेवा. डावी-उजवी पट्टी उलटी लावून ‘बटण उलटं का फिरतं’ विचारणारे दर वर्षी दोन तरी भेटतात.

नुसतं प्लॅस्टिकचं बटण तुटलं असेल तर चावी टाकून देऊ नका. दांड्याचं टोक दोन बाजूंनी चपटं असतं, त्यावर दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीने नवं बटण बसतं.

पट्ट्याच्या बटणाला वेगळं काही नाही, भोक भरण्याची तीच रीत. फक्त इथे ओढा गिटारच्या सगळ्या वजनाचा आहे. टूथपिक जास्त घाला आणि पूर्ण दोन दिवस थांबा. बटणाखाली फेल्टची किंवा जुन्या चामडी पट्ट्याची गोल चकती घातली की बटण पॉलिश चेपत नाही. नवं भोक पाडून बटण सरकवायला जाऊ नका. काही गिटारींत त्या जागी आत मानेचा बोल्ट असतो.

खरखर. आधी बॅटरी बदला. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटतो, आणि ती फार लवकर उतरत असेल तर कारण बहुधा तुमची सवय. अशा बहुतेक गिटारींत वायर जॅकमध्ये (पिन खुपसायच्या भोकात) खुपसली की प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं आतलं सर्किट, सुरू होतं. वाजवून झाल्यावर वायर तशीच ठेवली तर बॅटरी रात्रभर चालू राहते. आठ-दहा वर्षं पडून असलेल्या गिटारमध्ये जुनी बॅटरी गळलेली असण्याची शक्यता मोठी. डबीच्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर जुन्या टूथब्रशने खरवडून पुसा, आणि नंतर हात धुवा.

मग दुसरी वायर लावून बघा. तरी खरखर असेल तर वायरची पिन जॅकमध्ये ठेवून हळू गोल फिरवा. फिरवताना आवाज येत-जात असेल तर जॅकच्या आतल्या पत्र्यांवर काट चढलीय. कॉन्टॅक्ट क्लीनर पिनवर मारा, जॅकमध्ये नाही, आणि पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. माझ्या अनुभवात अर्ध्या खरखरी इथेच संपतात.

जॅकच हातात फिरत असेल तर पुढे आणखी सांभाळून. बाहेरचा नट नुसता पान्याने आवळला की आतला जॅक त्याच्याबरोबर फिरतो, वायरी पिळल्या जातात आणि डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, तुटतो. बाहेरून पट्टा अडकवायची टोपी काढली की बऱ्याच जॅकच्या नळीला एक आडवं भोक दिसतं. त्यात बारीक खिळा किंवा छोटी ॲलन की घालून नळी धरून ठेवायची आणि मग नट आवळायचा. डाग आधीच तुटलेला असेल तर तारा सैल करून साउंडहोलमधून हात घालावा लागेल. नट काढून जॅक आत ढकलण्याआधी त्याच्या तोंडात एका लांब वायरची पिन खुपसून ठेवा. काम झाल्यावर तीच वायर बाहेरून ओढली की जॅक आपोआप भोकाशी येतो, नाहीतर पोकळीत बोटांनी चाचपडत बसावं लागतं. डाग द्यायचा तो जॅक साउंडहोलच्या बाहेर ओढून, गिटारच्या पाठीवर आणि पोटावर टॉवेल अंथरून. कुठल्या पत्र्याला कुठली वायर होती याचा फोटो आधी. २५ वॉटचं आयर्न पुरतं. दोन-तीन सेकंदांत शिसं वितळलं नाही तर टोक घाण झालंय, ते ओल्या स्पंजवर पुसा, पण पत्रा भाजत बसू नका.

ब्रिजच्या पिना तुम्ही विचारल्या नाहीत, पण तारा चढवताना एखादी वर उसळली असेल. पिना पक्कडीने उपटू नका. साउंडहोलमधून हात घालून रुपयाच्या नाण्याने खालून वर ढकला. तारेचं गोल टोक पिनेच्या टोकाखाली अडकता कामा नये. पिन बसवताना तार वर ओढत राहिलात की ते टोक बाजूला होऊन आतल्या फळीला टेकतं. मग पिनेवर काही ओढाच येत नाही.

सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पातळ पट्टी) आणि मान सरळ करणारा रॉड, या दोघांना या वेळी हात लावू नका. तुमच्या एकाही तक्रारीचा त्यांच्याशी संबंध नाही.

एकच गोष्ट तपासायची राहिली. ब्रिजची मागची कड, म्हणजे गिटारच्या बुडाच्या बाजूची. साधा वहीचा कागद तिथे ब्रिज आणि फळीच्या फटीत सरकवून बघा. कुठे आत जात नसेल तर उत्तम. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत गेला, तर ब्रिजचा सरस सुटायला लागलाय. कपाटावर होती म्हणता, म्हणजे २०२१ च्या जुलैतल्या पुराचं पाणी तिला लागलं नसावं, पण पत्र्याखालच्या उन्हाळ्यानेही सरस सुटतो. असं असेल तर फटीत सुपरग्लू सोडू नका. नंतर तो खरवडून काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होतं. तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे पाठवा. एसटीच्या टपावर नाही. पाठवताना तारा दोन-अडीच सूर उतरवा, पूर्ण काढू नका. तारा आणि फ्रेटबोर्डच्या मध्ये पातळ कापड घाला. डोक्याच्या मागे वर्तमानपत्राचे गोळे असे दाबून भरा की डोकं केसच्या तळाला टेकणार नाही. गिटार पाठीवर आपटली की मान मोडते ती तिथेच. आणि सुटे पडलेले स्क्रू एका कागदाच्या पुडीत घालून पाठवा, कारण तसेच जुने स्क्रू माझ्याकडेही मिळतीलच असं नाही.